आईची तळटीप

आमच्या घरात मराठी बोलायची, तामिळ लिहायची आणि संस्कृत देवापुढं म्हणायची, अशी वाटणी होती. तंजावूरच्या राजवाड्यामागच्या गल्लीत आम्ही मराठी घरं एकाला एक लागून होतो. पुस्तकी मराठी मी फार नंतर शिकले, वाचून वाचून, तेव्हा या लिहिण्याला कुठं तंजावूरचा वास आला तर नाक मुरडू नका. आमची ओसरी म्हणजे तिण्णै आणि माजघर म्हणजे कूडम. मला ते तसेच म्हणता येतात, आता या वयात कोण बदलणार!

माझे वडील, ज्यांना आम्ही अप्पा म्हणायचो, हायस्कुलात इतिहास शिकवायचे. शाळा सुटली की माणसं घरी येतात, कॉफी पितात. अप्पा तडक राजवाड्यातल्या ग्रंथालयात जायचे आणि दिवेलागणीला तिथला माणूस किल्ल्या वाजवायला लागला की मगच उठायचे. जुन्या दरबारी नाटकांच्या पोथ्या तिथं कापडात बांधून ठेवलेल्या होत्या, मराठी, कुणी न उघडलेल्या. आई त्या ग्रंथालयाला सवत म्हणायची. "आज सवतीनं लवकर सोडलं वाटतं," असं म्हणून ती कॉफीचा डबरा-पेला, म्हणजे पसरट वाटीतला पेला, पुढं सरकवायची. अप्पा हसायचे आणि बोटांवरची धूळ पंच्याला पुसायचे, की आईचं तोंड पुन्हा सुरू.

एकोणीसशे पन्नास ते साठच्या मधल्या वर्षांची गोष्ट आहे ही. मी तेव्हा परकर नेसून शाळेत जात होते. एका संध्याकाळी अप्पा आले तेच हातात एक चिठोरं घेऊन. आई कूडमात विळीवर नारळ खोवत होती. अप्पा तिला काही ऐकवायला गेले नव्हते, स्वतःशीच पुटपुटत होते. एका देवीच्या लग्नाच्या नाटकातलं एक पद त्यांना सापडलं होतं आणि त्याची शेवटची ओळ कसरीनं खाल्लेली होती. ते म्हणत होते,

हळू हळू झोका द्या गे सयांनो
पाय नवरीचे भुईं लागूं न द्या
उद्यां जाईल ती परक्याच्या घरा

आणि थांबले. आईनं मान वर न करता, खोवता खोवता, चालीवर पुढची ओळ म्हटली,

आज आईच्या दारीं दोन झोके घेऊं द्या

अप्पांच्या हातातला कागद खाली पडला. "तुला कसं ठाऊक?"

"कसं म्हणजे? ऊंजलीचं गाणं आहे हे. आपल्या लग्नात म्हटलं होतं. तुम्ही माझ्याशेजारीच बसला होतात की! झोपला होता का?"

ऊंजल म्हणजे लग्नातला झोपाळा. नवरा-नवरीला कूडमातल्या झोपाळ्यावर बसवायचं, बायकांनी भोवती फिरून रंगीत भाताचे मुटके चार दिशांना ओवाळून टाकायचे आणि झोका देत गाणी म्हणायची. रीत तामिळांची, आमच्या पूर्वजांनी उचललेली. पण आमच्या मराठी घरांत एक जास्तीचं होतं. सगळी तामिळ गाणी झाली की शेवटी हे एक मराठी गाणं म्हणायचं आणि त्याची शेवटची ओळ झाली की मगच झोपाळ्याच्या साखळीला हात लावून तो थांबवायचा. त्याआधी थांबवणं अशुभ. हे गाणं फक्त बायकांचं, आणि नवरीनं झोपाळ्यावर तोंड उघडायचं नाही. आई तिरुवैयारूची, कावेरीच्या काठची. तिथं तिच्या मावशीकडून तिनं हे उचललं होतं. आमच्या गल्लीतल्या प्रत्येक लग्नात हे गाणं तीच उचलायची, आणि बाकीच्या बायका मागून धरायच्या.

म्हणजे बघा, राजवाड्यात पोथी, चार गल्ल्या सोडून आमचं घर, आणि इतकी वर्षं एकाचा एकाला पत्ता नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा, दुसरं काय! अप्पांना त्या रात्री जेवण गेलं नाही. दरबारातलं नाटक बंद पडलं, राजे गेले, पण त्यातलं गाणं बायकांनी लग्नातून जगवलं, हे त्यांना जगाला सांगायचं होतं. आणि जग म्हणजे महाराष्ट्र. आमचे पूर्वज जिथून आले आणि जिथं आमच्यापैकी कुणीच कधी गेलं नव्हतं, तिथल्या विद्वानांपुढं.

निबंध तयार झाला. अप्पांनी तो लिहिला मोडीत. होय, मोडीत! आमच्या घराण्यात मराठी लिहायचं म्हणजे मोडीतच, सगळे दरबारी कागद मोडीतच. बाळबोध, म्हणजे नागरी, लिपी अप्पांना वाचता यायची, पण ती पोथीपुराणाची आणि पोरासोरांची. मोठ्या माणसानं मोठ्या माणसांना बाळबोधीत लिहायचं म्हणजे त्यांचा अपमान, असं त्यांचं ठाम मत. टाक न उचलता, झरझर, सुरेख वळणाचे कागदच्या कागद त्यांनी लिहिले, टपालानं तिकडच्या एका नियतकालिकाकडं पाठवले आणि तिण्णैवर बसून पोस्टमनची वाट बघायला लागले.

निबंध परत आला. सोबत सभ्य शब्दांत लिहिलं होतं की आमच्याकडं हल्ली मोडी वाचणारं कुणी नाही, कृपया नागरीत पाठवावा. अप्पांना ते खरंच वाटेना. "अगं, पुण्याकडं मोडी वाचायला माणूस नाही म्हणजे? मग तिथं आहे काय?" ते आईला विचारायला लागले, जणू तिनंच मोडी लपवून ठेवली होती.

मी त्या वेळी हिंदीच्या परीक्षांना बसत होते, तेव्हा आमच्याकडं बऱ्याच मुली बसायच्या. घरात नागरी अक्षर चांगलं कुणाचं, तर माझं. मग अप्पा मोडी वाचत जायचे आणि मी लिहायची. निबंधात त्यांनी गाणं दिलं, चाल कोणत्या रागाच्या जवळ जाते ते दिलं, आणि शेवटच्या ओळीवर एक खूण करून खाली टीप दिली, 'ही शेवटची ओळ पोथीत नाही. ती माझ्या पत्नीच्या तोंडून ऐकून उतरवली आहे.'

मी ती टीप आईला वाचून दाखवली. तिला नागरी येत नव्हती, तामिळ अक्षरं तेवढी यायची.

"कुठं लिहिलंय हे?" तिनं विचारलं.

"पानाच्या तळाला. त्याला तळटीप म्हणतात."

"बघा! इथंही मी खालीच," आई अप्पांना म्हणाली. "वर पाटावर तुम्ही, तुमचा राजा, तुमची पोथी. मी आपली केळीच्या पानाच्या टोकाला मीठ!"

"मिठाशिवाय पान वाढत नाहीत," अप्पा म्हणाले. असं बोलायची त्यांना सवय नव्हती, स्वतःच लाजले. आईनं पदर तोंडाला लावला. पण त्या टिपेचं तिला फार होतं, हे मला तेव्हाच कळलं. शेजारच्या काकू, ज्या लग्नांतून आईच्या जोडीनं गायच्या, त्यांना तिनं भिंतीवरून हाक मारून सांगितलं, "मी छापून येणार!"

कसलं काय! निबंध पुन्हा परत. या वेळी लिहिलं होतं, विषय चांगला आहे, पण तोंडी गोष्टी पुरावा म्हणून धरता येत नाहीत. तळटीप गाळावी, शेवटच्या ओळीच्या जागी रिकामे ठिपके द्यावेत, म्हणजे विचार करता येईल. आणि भाषाही जाणकाराकडून तपासून घ्यावी. भाषेचं अप्पांनी गिळलं. टिपेचं गिळलं नाही. मी कधी त्यांना आवाज चढवताना ऐकलं नव्हतं, त्या दिवशी ऐकलं. "कसरीनं खाल्लं ते एकदा खाल्लं. आता मी पुन्हा माझ्या हातानं खाऊ?"

"अहो, राहू द्या हो," आई म्हणाली. "ठिपके तर ठिपके. तुमचं नाव तरी येईल."

"तुझी टीप जाईल तर निबंध जाईल. नाहीतर दोन्ही पेटीत."

आणि खरंच पेटीत गेला. लग्नाच्या शालूंच्या पेटीत, कापराच्या वड्यांबरोबर. आई मधूनमधून चिडवायची, "माझी टीप कशी आहे? कसर लागली का?" आम्ही हसायचो. पण एव्हाना तिला जिना चढताना धाप लागायला लागली होती. डॉक्टर म्हणाले, लहानपणचा सांध्यांचा ताप हृदयात बसलाय. औषध होतं, पण त्याचा उपयोग किती, ते त्यांनी अप्पांना बाजूला घेऊन सांगितलं.

साठ साल उलटलं असेल तेव्हा अप्पांच्या एका जुन्या सहकाऱ्यानं कळवलं की महाराष्ट्रातल्या एका मोठ्या गावी नाताळच्या सुटीत साहित्य-इतिहासाची परिषद भरतेय, निबंधाचा सारांश पाठवा. पाठवला. स्वीकारला! टीप गाळा म्हणून कुणी म्हटलं नाही. शिवाय निबंध स्वतः वाचायचा होता. अप्पा त्या कार्डाकडं कितीदा बघत बसले. छापण्यापेक्षा हे मोठं होतं, कारण इथं गाणं म्हणून दाखवता येणार होतं. अप्पांचा आवाज म्हणजे हजेरी घ्यायचा आवाज. तेव्हा ठरलं की मी बरोबर जायचं आणि गायचं.

आई मला शिकवायला बसली. श्वास पुरायचा नाही, म्हणून ती गायची नाही; मांडीवर ताल धरायची आणि मी चुकले की चापटी मारायची. "'दोन झोके'वर थांबायचं. पळतेस कुठं? झोका पुढं गेला की मागं यायला वेळ लागतो, तेवढं थांबायचं." एकदा तिनं न राहवून ती ओळ स्वतः म्हटली आणि मग कितीतरी वेळ खांबाला टेकून डोळे मिटून बसली. मी घाबरले. ती डोळे न उघडता म्हणाली, "टीप वाचायची राहील गं तुझ्या अप्पांची. विद्वान लोक टिपा मोठ्यानं वाचत नाहीत म्हणतात."

अप्पा तिथंच होते. म्हणाले, "कुणी वाचत नसेल. मी वाचीन. निबंधातलं काही राहिलं तर राहील, तुझी टीप तेवढ्या लोकांसमोर मोठ्यानं वाचल्याशिवाय मी खाली बसायचा नाही."

"शपथ?"

"शपथ."

आम्ही निघालो तेव्हा मार्गळीचा, म्हणजे मार्गशीर्षाचा महिना होता, दारोदार भल्या पहाटे काढलेले मोठे कोलम, रांगोळ्या. आई तिण्णैपर्यंत आली. पुळियोदरै, म्हणजे चिंचभात, तिनं केळीच्या पानात बांधून दिला होता. मद्रासला गाडी बदलून आम्ही उत्तरेला लागलो. जसजसं पुढं गेलो तसतसे फलाटावरचे आवाज बदलत गेले आणि एका सकाळी चहावाला, हमाल, भांडणाऱ्या बायका सगळेच मराठीत बोलताना ऐकून अप्पांच्या डोळ्यांत पाणी आलं. "ऐक, ऐक, हमालसुद्धा!" ते मला सांगत होते. आमच्याकडं मराठी म्हणजे दार लावून घरात बोलायची गोष्ट. इथं ती रस्त्यावर पडली होती.

थंडी मात्र अशी की काय सांगू. आमच्याकडं गरम कपडा कुणाकडं असतो! अप्पांनी वेष्टीवर, म्हणजे आमच्याकडच्या धोतरावर, शाळेचा बंद गळ्याचा कोट घातला होता, गळ्याशी अंगवस्त्र गुंडाळलं होतं. परिषदेच्या मांडवात एका गृहस्थांनी त्यांच्याशी दोन शब्द बोलून कौतुकानं मान हलवली. "वा! मद्रासी असून मराठी छान बोलता हो तुम्ही."

"होय," अप्पा शांतपणे म्हणाले. "पावणेतीनशे वर्षं सराव चाललाय."

त्या गृहस्थांना काही कळलं नाही. मला मात्र इतकं हसू आलं की मी तोंड फिरवलं. आईला हे सांगायचं, असं आम्ही दोघांनीही एकदमच म्हटलं.

अप्पांचा निबंध शेवटच्या दिवशी, दुपारच्या बैठकीत, यादीत तळाकडं होता. मी सकाळपासून गरम पाण्याचे घोट घेत होते, पदराखाली बोटांनी ताल धरत होते. बैठक उशिरा सुरू झाली. अध्यक्षांचं भाषणच केवढं! मग एक जाडजूड गृहस्थ उभे राहिले, त्यांना घंटा वाजवली तरी ऐकू येईना की ऐकायचं नव्हतं, देव जाणे. मग दोन विद्वानांचं कुठल्याशा कवीच्या जन्मसालावरून जुंपलं. एक म्हणे अलीकडं, दुसरा म्हणे पलीकडं. मेलेला कवी बिचारा! मग चहा आला. चहानंतर एक निबंध झाला. पुढचं नाव अप्पांचं होतं. अप्पांनी कोटाची बटणं लावली, कागद हातात घेतले आणि उभे राहिले.

अध्यक्षांनी घड्याळ बघितलं. म्हणाले, वेळेअभावी उरलेले निबंध वाचले असे समजण्यात यावे. समारोपाला पाहुणे येऊन थांबले आहेत.

लोकांनी टाळ्या वाजवल्या. खुर्च्या सरकल्या. आभार झाले. अप्पा उभेच होते. त्यांना वाटलं असावं की आपल्याला ऐकण्यात काही चूक झाली. मी त्यांच्या बाहीला हात लावला. माणसं आमच्या दोन्ही अंगांनी निघून चालली होती आणि मला रडू येत होतं, रागानं, निव्वळ रागानं. इतक्या दूरचा माणूस, गाडीत उठून-बसून आलेला, त्याला दोन मिनिटं नाहीत, आणि त्या जन्मसालवाल्यांना अख्खी दुपार!

मग अप्पा व्यासपीठाशी गेले. मी मागून. अध्यक्ष शाल खांद्यावर नीट करत होते. अप्पा म्हणाले, "महाराज, निबंध राहू द्या. एक टीप तेवढी वाचू द्या. दोनच वाक्यं आहेत."

अध्यक्ष वाईट माणूस नव्हते. हसून त्यांनी अप्पांच्या हातावर हात ठेवला. "अहो, टीप कुठं जाते? वृत्तांत छापून निघेल, त्यात सगळं येईलच." आणि त्यांना कुणीतरी हाक मारली म्हणून ते गेले. मांडववाले सतरंज्या गुंडाळायला आले होते. त्यांनी आम्हांला बाजूला व्हायला सांगितलं.

परतीच्या गाडीत अप्पा खिडकीशी बसले. मी म्हटलं, "अप्पा, मी इथं म्हणू का? तुम्ही टीप वाचा. डब्यात माणसं आहेत, मराठीच आहेत."

"नको गं. गाडीत कसली परिषद."

मग स्टेशनांमागून स्टेशनं गेली, मराठी मागं राहिली, तेलुगू आली, तामिळ आली. मद्रासला त्यांनी कॉफी मागवली आणि ती हातात गार झाली तरी प्याले नाहीत. आईला काय सांगायचं, हे मी विचारलं नाही. आडवळण त्यांना जमायचंच नाही.

आई कूडमात झोपाळ्याजवळच्या खाटेवर होती. आम्ही गेलो तशी उठून बसली, उशी पाठीशी घेतली. केस विंचरून घेतले होते तिनं, मल्लिगैचा, म्हणजे मोगऱ्याचा, गजरासुद्धा. शेजारच्या काकू येऊन बसलेल्या. अप्पांनी कोट काढायच्या आधीच सांगितलं, "वेळ नव्हता. वाचला असं समजलं."

"म्हणजे?"

"म्हणजे वाचला नाही. पण वाचला, असं सगळ्यांनी समजायचं. तिथली तशी पद्धत आहे."

आई हसली. "बाई गं! मी जेवले असं समजलं तर माझं पोट भरेल का?" काकूही हसल्या, मीही हसले, आणि त्या हसण्यानंच आईला खोकला आला, तो थांबेना. पाठ चोळून, पाणी देऊन ती शांत झाली तेव्हा म्हणाली, "आणि टीप?"

"छापून येईल," अप्पा म्हणाले. "अध्यक्षांनी सांगितलंय. पुस्तक येईल."

"मग झालं की! आलं की मला वाचून दाखवा. तोंडं काय अशी पाडून बसलात दोघं? रस्सम गरम आहे."

तिनं 'पावणेतीनशे वर्षं सराव' तीनतीनदा सांगायला लावलं. पण रात्री कूस बदलताना तिनं हुंदका दिल्यासारखं वाटलं आणि मी उठून जवळ गेले तर म्हणाली, काही नाही, झोप.

पुस्तक यायला वेळ लागला. आई पोस्टमनची सायकल ओळखायची, वाजली की मान उचलायची. मग मान उचलणंही राहिलं, नुसती डोळ्यांनी दाराकडं बघायची. वडवारच्या कालव्याला नवं पाणी सुटलं, रोपं लागली, आणि त्या दिवसांत ती गेली. सकाळची वेळ होती. माझ्या हातात तिच्यासाठी कांजीची वाटी होती. घरात माणसं जमली, कुणी कुणी काय काय बोललं. मला एवढंच आठवतं की अप्पा झोपाळ्याची साखळी धरून उभे होते, आणि झोपाळा हलू नये म्हणून धरल्यासारखी त्यांनी ती धरून ठेवली होती.

त्यानंतर वृत्तांत आला. जाड, चांगल्या बांधणीचा. अप्पांनी चष्मा लावला आणि पहिल्या पानापासून पानं उलटायला लागले. मी समोर बसले. ते शेवटापर्यंत गेले, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं. अखेर अगदी मागच्या बाजूला, बारीक टायपात, 'वाचले असे समजलेले निबंध' अशा मथळ्याखाली एक यादी होती. तीत अप्पांचं नाव आणि निबंधाचं शीर्षक. बास, एक ओळ. निबंध नाही, गाणं नाही, टीप नाही.

माझ्या तोंडून जे निघालं ते इथं लिहिण्यासारखं नाही. त्या अध्यक्षांचं वाटोळं होवो इथपासून सुरुवात केली होती. अप्पांनी मला गप्प केलं नाही. बोलून दमल्यावर मी म्हटलं, "दुसरीकडं पाठवू या. मी पुन्हा चांगल्या अक्षरात काढते."

"आता कुणासाठी?" ते म्हणाले. निबंध पुन्हा शालूंच्या पेटीत गेला, आणि ग्रंथालयात जायचंही त्यांनी हळूहळू कमी केलं. शाळा सुटली की सरळ घरी यायचे. सवत म्हणून चिडवायला आता कुणी उरलंच नव्हतं.

माझं लग्न पुढं काही वर्षांनी ठरलं. मुलगा आमच्यातलाच, तंजावुरी मराठी, पण मद्रासला वाढलेला. लग्न आमच्याच घरी. कूडमातला झोपाळा घासूनपुसून फुलांनी बांधला. आम्हां दोघांना बसवलं. बायका जमल्या, मुटके ओवाळून झाले. शेजारपाजारच्या तामिळ मामींनी एकापाठोपाठ एक गाणी म्हटली, फार गोड म्हटली. मग त्या थांबल्या, कारण त्यांना आमची रीत ठाऊक होती. आता मराठी गाणं, मग झोपाळा थांबवायचा.

कुणी सुरू करेना. मी मान खाली घालून बसले होते, पण कानांनी सगळं बघत होते. शेजारच्या काकू मुलाकडं दिल्लीला जाऊन राहिल्या होत्या. अप्पांची बहीण, माझी आत्या, होती, पण तिला आता ऐकूही येत नव्हतं आणि काही आठवतही नव्हतं. गल्लीतली जुनी घरं एकेक करून मद्रासला, मुंबईला गेलेली. सासरच्या बायकांनी एकमेकींकडं बघितलं. कुणीतरी म्हणालं, तुझी आई म्हणायची ना गं ते. कुणीतरी तिला गप्प केलं. मला ते गाणं अक्षर न् अक्षर येत होतं, थांबायचं कुठं तेही येत होतं, मांडीवरच्या चापट्यांसकट. पण नवरीनं तोंड उघडायचं नाही. झोका हळू व्हायला लागला, एका मामीनं घाईघाईनं पुन्हा ढकलला. आता अशुभ होतंय की काय, अशी कुजबुज झाली.

तेव्हा आतल्या खोलीत पेटीचं झाकण वाजलं. कापराचा वास आला. अप्पा बाहेर आले. नवरा सोडून पुरुषांनी त्या वेळी कूडमात यायचं नसतं, म्हणून बायका बाजूला झाल्या. अप्पा खांबाशी उभे राहिले, चष्मा लावला, कोटाची बटणं लावली. लग्नात कोट कशाला घातला होता कोण जाणे. कागद उलटून त्यांनी हवं ते पान काढलं आणि वाचायला लागले. गायले नाहीत. हजेरी घेतात त्याच आवाजात, एकेक शब्द सुटा करून,

"हळू हळू झोका द्या गे सयांनो. पाय नवरीचे भुईं लागूं न द्या. उद्यां जाईल ती परक्याच्या घरा."

इथं ते थांबले. झोका पुढं गेला, मागं आला.

"आज आईच्या दारीं दोन झोके घेऊं द्या."

कुणीतरी साखळीला हात घातला. अप्पांनी हात वर करून त्या बाईला थांबवलं, अजून व्हायचं आहे असं. कागद डोळ्यांच्या जवळ नेला, कारण पुढचं बारीक अक्षरात, पानाच्या तळाला होतं, आणि तेवढ्या सगळ्या लोकांसमोर, मोठ्यानं, त्यांनी वाचलं,

"ही शेवटची ओळ पोथीत नाही. ती माझ्या पत्नीच्या तोंडून ऐकून उतरवली आहे."

मग ते खाली बसले.